तुम्ही विचारलंत म्हणून: आभाराच्या पत्रात मुलांचे चेहरे का नसतात?

किशोरवयीन मुलामुलींसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत मी आहे. शाळा सुटल्यावरचे अभ्यासवर्ग, वाचनगट, नाटक, खेळ, समुपदेशन अशी आमची कामं शाळांमधून चालतात, आणि दर महिन्याला मदत करणाऱ्या सगळ्यांना त्याबद्दल एक पत्र जातं. ते पत्र मी लिहिते. पत्र पोचलं की कोणी ना कोणी हमखास विचारतं, "वाचून बरं वाटलं, पण मुलांचे फोटो का टाकत नाही? ज्यांच्यासाठी मदत केली ती मुलं दिसू तरी द्या."

विचारणारी माणसं आपलीच असतात. दिलेलं पोचलं का, एवढंच त्यांना बघायचं असतं आणि तो त्यांचा हक्कच आहे. म्हणून या प्रश्नाला दोन ओळींचं उत्तर देऊन मोकळं होणं मला बरं वाटत नाही.

आधी विरुद्ध बाजूचं खरं ते सांगते. चेहरा दाखवला की मदत वाढते, यात शंका नाही. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेन्स्टाइन आणि पॉल स्लोव्हिक यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही लोकांना सात वर्षांच्या एका मुलीचा फोटो आणि तिची थोडी माहिती दिली, तर काहींना लाखो लोकांच्या हलाखीचे आकडे दिले. फोटो पाहिलेल्यांनी सरासरी दुपटीहून जास्त पैसे दिले. आणि फोटोच्या जोडीला आकडेही दिले, तेव्हा देणगी पुन्हा खाली आली. माणसाचं मन असंच चालतं. एका चेहऱ्यापाशी ते थांबतं आणि मोठ्या आकड्यापुढे गोंधळतं.

पण हा अभ्यास मदत मागण्याबद्दलचा आहे, आणि आमचं पत्र आभाराचं आहे. आभाराचं पत्र म्हणजे पुढच्या मागणीची तयारी, असं एकदा धरलं की पत्रातली प्रत्येक गोष्ट त्याच मापाने मोजली जाते. कोणता फोटो जास्त हलवतो, कोणत्या मुलीची कहाणी जास्त रडवते, हेच बघितलं जातं. तिथे मी थांबते.

त्यातही गंमत अशी की आभार मानल्याने पैसे वाढतात हे गृहीतकच फार पक्कं नाही. अन्या समेक आणि चक लाँगफील्ड यांनी 2023 साली प्रसिद्ध केलेल्या एका मोठ्या प्रयोगात पाच लाखांहून जास्त देणगीदार होते. त्यांतल्या काहींना चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून आभाराचे फोन केले गेले, काहींना केले नाहीत. फोनमुळे पुढची देणगी वाढेल असा जाणकारांचा अंदाज होता. प्रत्यक्षात दोन्ही गटांत फरक पडला नाही. मला हे वाचून उलट हायसं वाटलं. पैसे येतात म्हणून आभार मानायचे नसतील, तर ते का मानायचे याचं उत्तर सोपं होतं: कोणीतरी आपल्या वेळातून, कमाईतून काही दिलं, त्याचं पुढे काय झालं हे त्याला कळलं पाहिजे. त्या पत्रात हिशोब असावा, खरेपणा असावा. मुलाचा चेहरा त्यासाठी लागत नाही.

आणि मूल तर कोणाचं काही देणं लागतच नाही. वाचनगटात बसणं, खेळणं, कोणाशी तरी मन मोकळं करणं हे त्याला मिळायलाच हवं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 20 नोव्हेंबर 1989 रोजी बालहक्कांचा करार स्वीकारला. त्याचं 31 वं कलम मुलांच्या विश्रांतीचा आणि खेळाचा हक्क मानतं. 16 वं कलम मुलाचं खासगी आयुष्य, त्याची अब्रू आणि लौकिक जपायला सांगतं. मी ही दोन कलमं एकत्र वाचते. खेळायला मिळालं म्हणून खासगीपण सोडून द्यायचं, असा सौदा मुलाशी करता येत नाही. आभार मानायचे ते संस्थेने. ते काम आमचं आहे आणि आम्ही ते मनापासून करतो.

आता फोटोबद्दल. लोक म्हणतात, हसरा फोटो टाका, रडवेला नको, मग काय हरकत आहे? एखादा अगदी निरुपद्रवी फोटो घेऊन बघू या. वर्गात पाच-सहा मुलं पुस्तकं घेऊन बसली आहेत, सगळी हसताहेत. नीट बघितलं तर एकीच्या गणवेशावर शाळेचं बोधचिन्ह आहे. मागच्या फलकावर गटाचं वेळापत्रक आहे, म्हणजे ही मुलं कोणत्या वारी, किती वाजता, कुठे असतात हे कळतं. बाजूला चिकटवलेल्या कागदावर नावं आहेत. मोबाइलवर काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये बऱ्याचदा ठिकाणाची नोंदही राहते. आणि खाली ओळ असते, 'अभ्यासात मागे पडलेल्या मुलांचा वर्ग'. यातली कोणतीही एक गोष्ट किरकोळ वाटेल. सगळ्या एकत्र आल्या की एका अनोळखी माणसाला त्या मुलीपर्यंत पोचता येतं, आणि तिच्या वर्गातल्या मुलांना तिला चिडवायला विषय मिळतो.

दुसरी शक्यता प्रत्यक्षात जास्त घडते, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला आपण मदतीच्या वर्गाला जातो हे सगळ्यांना कळावं असं वाटत नाही. या वयात सोबत्यांची नजर हेच जग असतं. समुपदेशनाला येणाऱ्या मुलांचं तर विचारूच नका. खोलीबाहेर कोणी ओळखीचं दिसलं तर ती पुढे निघून जातात आणि थोड्या वेळाने परत येतात. अशा मुलाला कॅमेऱ्यासमोर बसवून त्याचा विश्वास टिकेल असं मला वाटत नाही.

"पण पालकांची परवानगी घेतलीत तर?" हाही प्रश्न येतो. परवानगी घेतलीच पाहिजे, लेखी, आणि मुलालाही विचारलंच पाहिजे. पण ती कोण, कोणाला, कुठे विचारतंय हे बघावं लागतं. ज्या ताईने गणित समजावून दिलं तीच फोटो काढू का म्हणाली तर मूल नाही कसं म्हणणार? ज्या संस्थेकडून मुलाची फी भरली जाते तिचा अर्ज पालक सही न करता परत कसा देणार? नाही म्हटलं तरी काही बिघडणार नाही हे त्यांना खात्रीने माहीत असेल, तरच त्या होकाराला अर्थ आहे. शिवाय आज दहा वर्षांचं असलेलं मूल उद्या वीस वर्षांचं होणार, नोकरीच्या मुलाखतीला जाणार. त्या वेळी त्याचं नाव शोधल्यावर सगळ्यात वर आमचं आभारपत्र यावं का, हे आज त्याच्या वतीने ठरवायचा अधिकार मला नाही.

मुलांच्या सहभागाबद्दल रॉजर हार्ट यांनी 1992 साली युनिसेफसाठी एक आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत: मुलांना मोठ्यांच्या हेतूसाठी वापरून घेणं, त्यांना शोभेला उभं करणं, आणि नावापुरतं सामील करून घेणं. पाहुण्यांसमोर एका रांगेत उभं राहून हातातलं 'धन्यवाद'चं कार्ड वर धरणारी मुलं यातल्या कोणत्या पायरीवर आहेत, हे सांगायला नको. देणाऱ्याला बरं वाटावं म्हणूनच हे केलं जातं, हेतू वाईट नसतो. पण त्या तासात मुलं शिकतात ते एवढंच, की आपण घेणारे आहोत.

मग पत्रात असतं काय? काम असतं, आणि ते जितकं जवळून सांगता येईल तितकं जवळून. एक वाक्य घेऊन दाखवते. 'तुमच्या मदतीमुळे एका गरीब घरच्या मुलीच्या आयुष्यात प्रकाश आला' असं वाक्य अशा पत्रांत सर्रास दिसतं. त्यात मुलीची गरिबी आहे, तुमचा मोठेपणा आहे, आणि झालं काय ते मात्र कुठेच नाही. मी त्या जागी असं लिहीन: 'वाचनगटात पूर्वी मोठ्याने वाचायला कोणी पुढे येत नसे. आता आधी दोघादोघांनी एकमेकांना वाचून दाखवायचं, मग गटासमोर, अशी पद्धत ठेवली आहे. त्यामुळे गप्प बसणारी मुलंही वाचू लागली. तुम्ही दिलेल्या पुस्तकांच्या प्रत्येकी दोन प्रती होत्या, म्हणून हे जमलं.' यात कोणाचं नाव नाही, पण देणाऱ्याला कळतं की दोन प्रती देण्याने काय झालं. पुढच्या वेळी तो आपणहून विचारतो, दोन-दोन प्रतीच पाठवू ना?

ॲडम ग्रँट आणि फ्रान्सेस्का जिनो यांचा 2010 सालचा एक अभ्यास मला इथे पटतो. फोनचा तो प्रयोग पैशांच्या देणगीचा होता, हा वेळ आणि श्रम देऊन केलेल्या मदतीबद्दलचा आहे. मदत केल्याबद्दल ज्यांचे आभार मानले गेले, त्यांच्यातल्या जास्त जणांनी पुढेही मदत केली. त्यामागचं कारण त्यांना असं दिसलं, की आपली किंमत कोणाला तरी आहे असं त्या माणसांना वाटलं. म्हणून सरसकट 'सर्व हितचिंतकांचे आभार' म्हणून मला समाधान होत नाही. कोणाच्या हाताने नेमकं काय झालं, हे सांगायला हवं.

आणि हे हात सगळे पैसे देणारे नसतात. शाळा सुटल्यावरही आमच्यासाठी थांबून वर्ग उघडा ठेवणारा कर्मचारी असतो, त्याच्याविना एकही तास झाला नसता. निवृत्त झालेल्या एक बाई येऊन पुस्तकांना कव्हरं घालून देतात आणि फाटलेली पानं चिकटवतात. कोणी नाटकासाठी जुने कपडे देतं, कोणी तालमीला सभागृह. शिक्षक आपल्या वेळापत्रकातला एक तास सोडतात, आणि अभ्यासक्रम डोक्यावर असताना तास सोडणं म्हणजे काय हे शाळेत काम केलेल्यालाच कळेल. यांची नावं मात्र पत्रात असतात, त्यांना विचारून. मोठी माणसं आहेत, हो-नाही ती मोकळेपणाने सांगू शकतात. काही जण नाव नको म्हणतात, मग ते नसतं.

सगळ्यात जास्त जागा मी टिकून राहिलेल्या स्वयंसेवकांना देते. त्याला कारण आहे. जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी 2002 साली मुलं आणि त्यांचे मार्गदर्शक यांच्या नात्यांचा अभ्यास मांडला. वर्षभर किंवा जास्त काळ टिकलेल्या नात्यांमधून मुलांना सर्वात जास्त फायदा झाला. आणि जी नाती तीन महिन्यांच्या आत तुटली, त्या मुलांचा स्वतःबद्दलचा विश्वास आधीपेक्षा कमी झालेला दिसला. म्हणजे उत्साहाने येऊन लवकर निघून जाणं हे अजिबात न येण्यापेक्षा वाईट ठरू शकतं. एका दिवसासाठी येऊन मुलांसोबत फोटो काढून जाऊ का, असं विचारणाऱ्यांना आम्ही नम्रपणे नाही म्हणतो, आणि दर आठवड्याला न चुकता येऊन तेच तेच अपूर्णांक न कंटाळता शिकवणाऱ्या माणसाबद्दल भरभरून लिहितो.

न जमलेलंही पत्रात येतं. खेळाचा गट परीक्षेच्या दिवसांत ओस पडतो. नाटकाच्या गटातली मोठी मुलं मध्येच सोडून जातात, कारण घरी धाकट्या भावंडांना सांभाळायला कोणी नसतं. हे लिहिलं तर लोक नाराज होतील अशी भीती आमच्यातही काहींना वाटते. माझा अनुभव उलटा आहे. भावंडांना सोबत आणू द्या, आम्ही त्यांच्याजवळ बसतो, असं सांगणारी माणसं असंच एक पत्र वाचून पुढे आली. सगळं छान चाललंय असं लिहिलं असतं तर त्यांना आपलं काम कळलंच नसतं.

तरीही प्रत्यक्ष बघावंसं वाटणं मी समजू शकते. त्यासाठी मुलं स्वतः ज्या दिवशी लोकांना बोलावतात त्या दिवशी या: नाटकाचा प्रयोग, सामना, वर्षअखेरचं प्रदर्शन. त्या दिवशी ती कलाकार असतात, खेळाडू असतात, आणि तुम्ही इतर पालकांसारखे प्रेक्षक. कोणाला कोणाकडून काय मिळालं याची चर्चा तिथे होत नाही. आणि मोबाइल खिशातच ठेवा, अशी विनंती दारातच केली जाते.

मुलांना तुमच्याशी बोलायचं असेल तर? कधीकधी असतं. मोठ्या मुलांचं स्वतःचं एक हस्तलिखित निघतं. त्यात काय लिहायचं, कोणतं चित्र घ्यायचं, खाली खरं नाव घालायचं की टोपणनाव, हे त्यांचं संपादक मंडळ ठरवतं, आम्ही मोठे फक्त शुद्धलेखनाला मदत करतो. आभारावर लिहा, असा विषय आम्ही कधीच देत नाही. मागच्या अंकात एका मुलाने वाचनगटाच्या खोलीतला पंखा फार आवाज करतो अशी तक्रार लिहिली होती. ती मी जशीच्या तशी पत्रासोबत पाठवली, आणि पंखा दुरुस्त करून द्यायला तुमच्यापैकीच एक जण आले.