पडणे–पाडणे आणि इंग्रजी क्रियापदांच्या जोड्या: वहीतील पुढची नोंद

'से' आणि 'टेल' यांचा हिशेब मागील नोंदीत बराचसा मिटला होता: 'टेल'ला सहसा ऐकणाऱ्याचा उल्लेख लागतो, 'से'ला लागत नाही आणि 'टेल द ट्रूथ'सारखे रूढ प्रयोग तेवढे पाठ करावे लागतात. या खेपेस 'राइझ' व 'रेझ', 'लाय' व 'ले', 'फॉल' व 'फेल' या जोड्या हाती घेतल्या आहेत. (हे 'फेल' नापासाचे नव्हे, झाड पाडण्याचे.)

व्याकरणाची पुस्तके अकर्मक आणि सकर्मक एवढे सांगून मोकळी होतात. मला मात्र या जोड्यांकडे मराठी प्रयोजक क्रियापदांच्या अंगाने पाहणे अधिक उपयोगी वाटते. पडणे–पाडणे, मरणे–मारणे यांत आपण धातूतील स्वर दीर्घ करून 'घडवून आणणे' हा अर्थ साधतो. इंग्रजीच्या पूर्वज जर्मॅनिक भाषेत या कामासाठी एक प्रत्यय होता; तो पुढे झिजून गेला, पण स्वरातील फरक मागे राहिला. आपल्या अहिराणीतील 'पडनं–पाडनं' जोडीशेजारी 'फॉल–फेल' लिहून पाहिल्यास हे साम्य लगेच डोळ्यांत भरते.

कापसाचा भाव वाढला तर 'राइझ', व्यापाऱ्याने तो वाढवला तर 'रेझ'. येथे फारसे अडत नाही. खरी कसोटी 'लाय' आणि 'ले' यांची आहे. रावेर-यावलकडे वादळात केळीची बाग आडवी होते, तेव्हा बाग आडवी पडली आहे हे सांगण्यास 'लाय' आणि वाऱ्याने ती आडवी केली हे सांगण्यास 'ले', भूतकाळी 'लेड', लागते. घोळ असा की 'लाय'चे भूतकाळी रूपही 'ले' असेच होते, त्यामुळे 'काल सकाळी बाग आडवी पडलेली होती' या वाक्यातही 'ले'च येते. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे, तेही येथे सर्रास गोंधळतात. अशा वेळी वाक्यातील कर्म शोधावे, काळ पाहावा आणि मगच रूप ठरवावे.

सर्वांत आवडलेली जोडी 'ड्रिंक' आणि 'ड्रेंच' यांची, म्हणजे पिणे आणि पाजणे. आज 'ड्रेंच'चा रूढ अर्थ चिंब भिजवणे असा असला, तरी गुरांना तोंडावाटे पातळ औषध पाजण्यासाठी पशुवैद्यकात तोच शब्द अजून चालतो.

'सिट' आणि 'सेट' मात्र या चौकटीत नीट बसत नाहीत. मूर्ती बसवणे किंवा वस्तू जागेवर ठेवणे येथवर 'सेट' ठीक चालते, पण सूर्य मावळतो तेव्हाही 'सेट'च वापरले जाते आणि तेथे कर्म नसते. उलट तुटणे–तोडणे, फुटणे–फोडणे एवढ्या सगळ्यांना इंग्रजीचे एकच 'ब्रेक' बऱ्याचदा पुरते. अर्थात आपलेही 'उघडणे' दोन्हीकडे चालतेच: दार उघडले, मी दार उघडले. पुढील नोंदीत 'ओपन', 'ब्रेक', 'बर्न' अशी दुहेरी क्रियापदे घेईन.