नाताळात दिवंगतांसाठी मिस्सा: चिठ्ठी कधी द्यायची, काय लिहायचं

नाताळच्या मिस्सेत (कॅथलिक चर्चमधल्या वेदीवरच्या उपासनेत) आपल्या गेलेल्या माणसाचं नाव यावं असं घरोघरी वाटतं, पण नावाची चिठ्ठी फादरांकडे पोचते २३ डिसेंबरला. तोवर वही भरलेली असते. चर्चच्या कायद्यात ज्याच्यासाठी दान घेतलं त्याच्यासाठी स्वतंत्र मिस्सा, असं कलम ९४८ सांगतं. एरवी फादर दिवसाला एकाच मिस्सेचं दान स्वतःकडे ठेवू शकतात. नाताळला मात्र तीन मिस्सांची मुभा आहे (कलम ९५१). त्यातलीही एक पॅरिश प्रीस्टला (स्थानिक चर्चच्या मुख्य फादरांना) सगळ्या पॅरिशसाठी अर्पण करावीच लागते. कोल्हापुरात कॅथलिक थोडे, फादर त्याहून थोडे. तेव्हा उरतं काय ते बघा, आणि आगमनकाळ (नाताळाआधीचे साधारण चार आठवडे) लागला की लगेच नाव लावा. सामूहिक मिस्सेत अनेक नावं चालतात, पण देणाऱ्यांना तसं आधी सांगितलेलं हवं, आणि १९९१ च्या आदेशात अशी मिस्सा आठवड्यातून जास्तीत जास्त दोन दिवस अशी मर्यादा होती; २०२५ ला नवा आदेश आला.

२५ तारीख हुकली तर हळहळू नका. नाताळकाळ प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो, त्यातला कुठलाही दिवस घ्या. घरातलं लहान मूल गेलं असेल तर २८ डिसेंबर, निरपराध बालकांचा सण, फार जवळचा वाटतो. बाप्तिस्मा झालेल्या तान्ह्या बाळाला मृत्यूनंतरच्या शुद्धीची गरज नसते. ती प्रार्थना आईबापांच्या सांत्वनासाठी.

फादरांचा जांभळा झगा आणि मृतांची वाचनं मात्र या दिवसांत मागू नका. पण मृत्यूचं पहिलं वर्ष अष्टकातल्या (नाताळपासूनच्या आठ दिवसांतल्या) सणवार नसलेल्या दिवशी आलं, तर मृतांसाठीची खास मिस्सा होऊ शकते. दुसऱ्या वर्षापासून त्या दिवसाचीच मिस्सा, झगा त्या दिवसाच्या रंगाचा, आणि इंटेन्शन (ज्याच्यासाठी मिस्सा तो हेतू) आपलं. फळ कमी होत नाही.

चिठ्ठीवर 'कै.' लिहायची सवय सुटत नाही. कै. म्हणजे कैलासवासी! 'दिवंगत' लिहा. बाप्तिस्म्याचं नाव, आडनाव, मृत्यूची तारीख, आणि नाव देवनागरी व रोमन दोन्हींत. फादर बाहेरगावचे असले की वेदीवर आडनावाची हमखास वाट लागते. दानाची रक्कम त्या चर्चप्रांताचे बिशप ठरवतात. ती मिस्सेची किंमत नव्हे, ऐपत नसेल तर तसं सांगा. गरिबांसाठी दानाविना मिस्सा करा असं कायदाच फादरांना सुचवतो.

कोल्हापुरात वाइल्डर हे प्रोटेस्टंट मिशनरी १८५२ ला आले, त्यामुळे इथल्या ख्रिस्ती नात्यांत प्रोटेस्टंट पाहुणे असणारच. मृतांसाठी प्रार्थनेचा आधार असलेला २ मक्काबी १२ हा अध्याय त्यांच्या बायबलमध्ये सापडत नाही. जेवणाच्या पंगतीत त्यावर वाद घालू नका. गेलेल्या माणसाबद्दल देवाचे आभार मानायला दोघांचीही हरकत नसते.

थडग्यावर जायचं तर सकाळी शिंगोशी मार्केटातून शेवंती घ्या. बारीक मेणबत्त्या वाऱ्याने विझतात आणि मेण दगडावर ओघळतं. काचेच्या ग्लासात तळाला मूठभर वाळू घालून जाड मेणबत्ती लावा, काच तडकत नाही. संगमरवरावर लिंबू किंवा ॲसिड लावलंत तर चकाकी जाते. सांडलेलं मेण थंड झाल्यावर जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडायचं, मग कोमट साबणपाणी.