ते हे कुठाय?

परवा सकाळी गॅसपाशी उभी राहून मी लेकाला म्हटलं, "अरे ते हे दे की, त्याच्यावरचं." त्यानं मोबाईलमधनं मान वर न करता फ्रिजवरचा लायटर उचलून माझ्या हातात ठेवला. मी गॅस पेटवला, आधण ठेवलं, आणि मग ध्यानात आलं की आमच्या घराला आता नामांची गरजच उरली नाहीये, सगळा कारभार सर्वनामांवर चाललाय.

तसा 'हे' हा शब्द आपल्यात पहिल्यापासून सोशिक. नवरा म्हणजे हे, सापडत नाही ती वस्तू म्हणजे हे, आणि चारचौघांत सांगता येत नाही असलं दुखणं म्हणजे पण 'मला जरा हे होतंय'. माझं वय ४७, त्यामुळं सध्या तिन्ही हे एकदमच घरात आहेत.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडतीत हिशेब बघते, झाली की १९ वर्षं. माझी ख्याती काय होती सांगू का, शेतकऱ्यानं नुसतं नाव सांगायचं, मी गाव, किती पोती आणली, मागच्या साली काय दर लागला होता, सगळं वही न उघडता सांगायचे. शेठ लोकांना कौतुकानं सांगायचे की आमच्या बाईंकडं कॉम्प्युटर आहे डोक्यात. तर ह्या मार्चमध्ये ऐन सौद्यांच्या गर्दीत कडेगावकडचे एक काका समोर येऊन उभे राहिले, पंधरा वर्षांची ओळख, त्यांच्या लेकीच्या लग्नात जेवून आलेली मी, आणि नाव आठवेना. जिभेवर पण नाही, कुठंच नाही, नुसतं पांढरं. बरं नाव एक राहू दे, हिशेबाच्या पट्टीवर मी १८ पोत्यांची ८१ केली. काकांनीच बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, एवढी हळद माझ्या रानात पिकत न्हाई ओ." सगळे हसले, मी पण हसले, आणि बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

मनात एकच भीती, आपल्याला तो विसरायचा आजार लागला की काय.

आणि थकवा. दमणं मला माहिती आहे, दिवाळीच्या आधी डबे घासून माणूस दमतं, झोपतं, सकाळी ताजं होतं. हे तसलं नव्हतं. रात्री दहाला पाठ टेकायची, तीनला अंगातनं वाफ निघाल्यासारखं होऊन गाऊन चिंब, पंखा पाचावर, शेजारी आमचे हे जानेवारीत दोन गोधड्या घेऊन मुटकुळं करून पडलेले. मग साडेपाचला डोळा लागतो न लागतो तोवर दूधवाला. दिवसभर मी म्हणजे पावसात भिजलेलं पोतं, उचलायला दोघं लागावेत असलं.

पहिल्या डॉक्टरांनी 'वयाचं आहे, टेन्शन घेऊ नका' म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. टेन्शन घेऊ नका हे वाक्य ऐकून कुणाचं टेन्शन गेलंय ते मला एकदा बघायचंय. मैत्रिणीनं मग एका बाई डॉक्टरांकडं धाडलं, त्यांनी बसल्याबसल्या पहिला प्रश्न विचारला, "अंगावरनं किती जातं?" आता हे मला दोन वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. पाळी दर वीस-बावीस दिवसांनी आणि आठ-आठ दिवस धो धो, मला वाटायचं जायची वेळ आलीय तर असंच असणार. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.९, लोहाचा साठा तळाला, बी-१२ पण कमीच. थायरॉईड तेवढं नॉर्मल निघालं. म्हणजे निम्मा थकवा रक्ताचा होता आणि मी तो सगळा वयाच्या खात्यावर टाकत बसले होते. हिशेबनीस बाईनं असली चूक करावी! जास्त का जातंय म्हणून सोनोग्राफी पण करून घेतली, तिथं काळजीचं काही नव्हतं.

उरलेल्या निम्म्याचं त्यांनी समजावलं. सलग बारा महिने पाळी आली नाही की मग ती गेली असं धरतात, आपल्याकडं साधारण ४६-४७ च्या आसपास, पण त्याच्या आधी चार-पाच वर्षं, कुणाला त्याहून जास्त, ही मधली वाट असते. त्यात इस्ट्रोजेन सरळ उतरत नाही, वरखाली हेलकावे खातं. आणि ते काय फक्त गर्भाशयापुरतं नसतं, मेंदूत आठवणीच्या, शब्दांच्या जागी पण त्याचं काम असतं, अंगाचं तापमान सांभाळणाऱ्या जागेवर पण. त्यात झोपेचं खोबरं. नावं आणि शब्द आठवायला वेळ लागतो तो असा. मी विचारलं, मग हे असंच राहणार? तर म्हणाल्या, अमेरिकेत १९९६ पासून ३००० हून जास्त बायकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलेला एक अभ्यास आहे, त्यात नवीन लक्षात ठेवण्याचा वेग ह्या मधल्या काळात मंदावलेला दिसला आणि पाळी जाऊन स्थिरस्थावर झाल्यावर परत सुधारला. हे ऐकून मी त्यांच्यासमोरच हुंदका दिला. त्यांनी टिश्यूचा बॉक्स सरकवला, म्हणजे मी काय पहिली नव्हते.

घरी आल्यावर आत्यांना, म्हणजे सासूबाईंना सांगितलं तर नेहमीचं उत्तर, "आमच्या वेळी न्हवतं बाई असलं काय." पण संध्याकाळी लसूण सोलता सोलता आपसूक बोलायला लागल्या. त्यांच्या वेळी वर्षभर आमटीत मीठ एकतर दोनदा पडायचं नाहीतर पडायचंच नाही, आणि मामंजी ताट सारायचे. मग त्या पदराला गाठ मारून ठेवायच्या, मीठ घातलं की गाठ. "आणि मग?" म्हटलं. "मग काय, गाठ दिसायची, पण ती कशाची मारलीया तेच आठवायचं न्हाई." आम्ही दोघी इतक्या हसलो की हे बाहेरच्या खोलीतनं बघायला आले.

माझ्या गाठी फोनमध्ये. अलार्म वाजतो, त्यावर मीच लिहिलेलं असतं 'ते विसरू नको'. कुठलं ते?

लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर, आणि जेवणावर लगेच चहा बंद, कारण चहा लोह अंगाला लागू देत नाही. सांगलीच्या बाईला चहा सोड म्हणणं म्हणजे काय ते तुम्हीच समजून घ्या, मी सोडला नाही, तास-दीड तास पुढं ढकलला. दुपारी चारनंतरचा मात्र गेला, तो झोप खायचा. वजनं उचला म्हणाल्या, स्नायू राहतात, हाडं राहतात, झोप पण बरी लागते. आमच्या अडतीत हमाल दिवसभर पोती पाठीवर टाकतात आणि मी घरी दोन-दोन किलोची डंबेल घेऊन घामाघूम, पण करते, आठवड्यातनं तीनदा, आणि बाकीचे दिवस आमराईत चालणं. आकडेमोडीचं काम अकराच्या आत उरकते, दुपारी कुणाशी महत्त्वाचं बोलत नाही. हार्मोनच्या गोळ्यांचा विषय पण निघाला. २००२ मध्ये एका मोठ्या अभ्यासानं सगळ्यांना घाबरवलं होतं, पण साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, स्तनाचा कॅन्सर नाही, रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास नाही अशा बाईला वाफांचा फारच जाच असेल तर आता फायदा जास्त धरतात म्हणे. मी अजून ठरवलं नाहीये, आधी रक्त भरू दे.

सगळ्यात अवघड काम होतं शेठना सांगणं. जेवणानंतर वीस मिनिटं डोळे मिटून बसू द्या आणि माझी प्रत्येक पट्टी दुसऱ्यानं एकदा बघा, एवढंच मागायचं होतं, पण कारण काय सांगणार, बीपी, पित्त, हे सगळं तोंडावर येऊन गेलं आणि शेवटी सरळच म्हटलं, "पाळी जायच्या वेळचं आहे." शेठ लक्ष्मीच्या कॅलेंडरकडं बघत बसले. बराच वेळ. मग हळूच म्हणाले, "आमच्या घरात पण... हे चालूय. डॉक्टर कोण म्हणालात?"

घरात लेकानं एक परिभाषा काढलीय. पावसाळ्यात अख्खी सांगली उठल्या उठल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याची पातळी विचारते, ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, तसा हा मला सकाळी विचारतो, "आई, आज किती फूट?" मी तेवीस म्हटलं की डबा मिळतो, ४१ म्हटलं की तो गपगुमान पोहे टाकतो. पाऊस पडतो कोयनेला आणि पाणी चढतं सांगलीत, आपल्या हातात फक्त आकडा बघून सामान वर उचलणं.

तर उखाण्याचं सांगायचं राहिलंच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या बायकांनी धरलं, कारण उखाण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. मी ऐटीत सुरू केलं, "हरिपूरच्या पेवात हळद राहते ताजी..." आणि पुढचं गायब. सगळ्या तोंडाकडं बघतायत. मी म्हणाले, "...आमच्या ह्यांचं नाव घेते, हे, ते हे." बायका लोळायच्या बाकी राहिल्या, त्यांना वाटलं मुद्दामच.

पण त्या पेवांचं मला नंतर सारखं आठवत राहिलं. कृष्णेकाठी हरिपुरात जमिनीत खणलेली ती कोठारं, २००५ च्या महापुरात बरीच गेली, वरनं बघितलं तर नुसती माती दिसायची आणि खाली पोत्यांनी हळद. आमच्या अडतीतला एक म्हातारा हमाल सांगायचा, पेव उघडलं की लगेच उडी मारायची नाही, आत हवा नसते, माणूस मरतं, तोंड उघडं टाकून बिडी ओढत बसायचं. आता शब्द अडला की मी पण हात धुऊन मागं लागत नाही, तोंड उघडं टाकून बसते. कडेगावच्या काकांचं नाव असंच तिसऱ्या दिवशी भांडी घासताना वर आलं.

आणि परवा रात्री तीनला नेहमीप्रमाणं घामानं जाग आली, लाइट लावली, पाणी प्यायले, पलंगावर बसले आणि कसलंही कारण नसताना ती दुसरी ओळ आली. मी मोठ्यांदा म्हटली, नावासकट, "...रावांचं नाव घ्यायला मी कधीपण राजी." हे दचकून उठून बसले.

"काय झालं?"

"काही नाही. तुमचं नाव घेतलं."

"बरं," म्हणाले, आणि गोधडी डोक्यावरनं ओढून घेतली. "आता ते हे बंद कर."

मी लाइट बंद केली. पंखा राहू दिला.