ह्यात शेण कुठंय?

परवा सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी पार्किंगचे फोटो टाकले, फुटक्या कुंड्या, थर्माकोल, कुणाची तरी जुनी गादी, आणि खाली लिहिलं "पार्किंगचा पार उकिरडा झालाय". आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "ह्यात शेण कुठंय? उकिरडा कशाला म्हणताय त्याला."

खरंय तिचं. गावाकडं उकिरडा म्हणजे घरामागचा खड्डा, रोजचं शेण, चुलीतली राख, जनावरांनी खाऊन उरलेली चिपाडं, घरातला केर सगळं त्यात, आणि उन्हाळ्यात तेच खत म्हणून बैलगाडीनं रानात. आई सांगते, सोयरीक जमवताना जाणती माणसं गुपचूप उकिरडा बघून यायची, तो मोठा असला की समजायचं गोठा भरलेला आहे.

शब्दाच्या मागं लागलो तर संस्कृतातला 'उत्कर' निघाला, म्हणजे वर काढून टाकलेलं, ढीग. यज्ञात वेदीची खणलेली माती आणि झाडलोट टाकायची ठरलेली जागा असायची, तिचंही नाव उत्करच. प्राकृतात त्याचा उक्कुरुड झाला, आपल्याकडं उकिरडा. पण खरी गंमत पुढंय, 'उकरणं' हे पण त्याच धातूचं आणि 'उत्कीर्ण' पण! म्हणजे राजानं ताम्रपटावर उत्कीर्ण केलेलं दान आणि कोंबडीनं उकिरड्यावर उकरलेले किडे, भाषेच्या हिशोबानं एकाच भावकीतले.

पोरं जगत नसली की पुढच्याचं नाव कचरू नाहीतर उकिरड्या ठेवायचे, असलं नाव ऐकून यमानंसुद्धा नाक मुरडून परत जावं म्हणून.

आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी तर खड्ड्याऐवजी विटांची भोकाभोकांची टाकीच बांधायला शिकवली, पाला, माती आणि थोडंसं शेण थरांनी भरायचं की खत तयार. त्यांच्याच नावावरून तिला नाडेप म्हणतात. मला तर तो पक्क्या घरात राहायला गेलेला उकिरडाच वाटतो.

बारा वर्षांनी उकिरड्याचीसुद्धा दैना फिटते म्हणतात. ग्रुपवर मी तेवढंच टाकलं. आमच्या सोसायटीला यंदा अकरा झाली.