कोल्न कॉन्सर्ट, सरावाची पुढची नोंद: डावा हात

‘कोल्न कॉन्सर्ट’ म्हणजे अमेरिकन जॅझ पियानोवादक कीथ जॅरेटने जर्मनीत कोल्नला एकट्याने, उत्स्फूर्तपणे वाजवलेली मैफल. तिच्या पहिल्या भागातलं ए मायनर सेव्हन आणि जी मेजर या कॉर्डचं (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गुच्छांचं) चक्र आता बऱ्यापैकी हातात बसलंय. कीथ जॅरेट जवळपास १२ मिनिटं या दोनच कॉर्डवर रमतो, कधी लय सैल सोडून, तर कधी गॉस्पेलच्या (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय चर्चमधल्या भक्तिगीतांच्या) झोकात. कागदावर हे अगदी किरकोळ दिसतं. थोडा वेळ वाजवलं की उजव्या हाताकडचा माल संपतो आणि बोटं सवयीच्या पेंटॅटॉनिककडे (पाच सुरांच्या मालिकेकडे) पळत सुटतात. म्हणून उजव्या हाताला मी पाचच पट्ट्या नेमून दिल्या. सूर वाढवता येत नाहीत म्हटल्यावर जोर कुठे द्यायचा, कुठे थांबायचं, एकच सूर किती वेळा लावायचा, याचा विचार करावाच लागतो.

सध्या मुक्काम दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला आहे. तिथे डी मेजरमध्ये सुमारे ८ मिनिटं डावा हात सुरांची एकच आकृती फिरवत राहतो. तबल्याच्या सोलोला लेहरा धरणाऱ्यासारखं हे काम आहे, फक्त इथे लेहराही आपलाच आणि तबलाही आपलाच. डावा हात एकटा धरला तर पक्का असतो. उजव्याने ठेक्याच्या आडवं काही काढलं की तोही मोहात पडून त्याच्यामागे जातो. यावर मेट्रोनोम (ठरलेल्या लयीत टिकटिक करणारं यंत्र) फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ठेवणं सगळ्यात उपयोगी पडलं. डावा चालू असताना मोठ्याने वर्तमानपत्र वाचणं हाही जालीम उपाय आहे, घरचे वैतागतात ते सोडा. सूर लांबवणाऱ्या उजव्या पेडलला मात्र तूर्तास सुट्टी. पेडल दाबलं की डाव्याची ढिलाई झाकली जाते आणि आपल्याला उगाच छान वाटत राहतं.

दुसरा प्रयोग पियानोच्या त्या प्रसिद्ध कथेवरून सुचला. २४ जानेवारी १९७५ला कोल्नच्या ऑपेरा हाउसमध्ये मागितलेल्या ब्योझेनडॉर्फर कंपनीच्या मोठ्या पियानोऐवजी सरावाचा छोटा पियानो मंचावर आला होता. त्याचे वरचे सूर पातळ, खर्ज दुबळा आणि पेडलही धड नव्हतं. जॅरेट बराच वेळ मधल्या सप्तकांत राहिला आणि खर्जाची उणीव डाव्या हाताच्या फिरत्या ठेक्यांनी भरून काढली. मी माझ्या डिजिटल पियानोची वरची दोन सप्तकं कापड टाकून बंद केली. वर पळायची वाट बुजल्यावर उजवा हात खाली उतरला आणि कॉर्डच्या पोटातले सूर हलवायला लागला. यातून पहिल्यांदाच काहीतरी ऐकण्याजोगं निघालं.

पण वाईट पियानोमुळे चमत्कार घडला, हे मला फारसं पटत नाही. १९७१मध्ये ऑस्लोत ध्वनिमुद्रित केलेला त्याचा ‘फेसिंग यू’ अल्बम ऐका, नाहीतर १९७३च्या ब्रेमेन आणि लोझानच्या मैफली. लांबलचक ऑस्टिनाटो (पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या आकृत्या) तिथेही आहेत. त्या रात्री पियानोने त्याला कोपऱ्यात रेटलं असेल, पण त्या कोपऱ्यात तो आधीपासून ये-जा करत होता. ही कथा सांगणारे बहुतेक लोक हे दोन अल्बम ऐकतच नाहीत.

या मैफलीच्या स्वरलिपीबद्दल काहींनी विचारलं होतं. ती १९९१मध्ये शॉट या प्रकाशनसंस्थेने छापली. जॅरेट आधी तयार नव्हता. परवानगी देतानाही वाजवणाऱ्याने ध्वनिमुद्रणालाच अंतिम मानावं, असं त्याने सुचवलं. मी ती फक्त डावा हात पडताळायला उघडते. उजव्या हाताचं वाचून वाजवलं तर सूर सगळे बरोबर येतात आणि घाई कुठे, रेंगाळणं कुठे, ते काहीच येत नाही. त्याचं कण्हणं-गुणगुणणंही त्यात नाही, अर्थात.

रेकॉर्डच्या चौथ्या बाजूवरचा जेमतेम ७ मिनिटांचा शेवटचा तुकडा मी तूर्तास बाजूला ठेवलाय. तो बराचसा बांधलेल्या चालीसारखा आहे, त्यामुळे या सरावात त्याचा उपयोग कमी.

आता अडलंय ते डी मेजरचा ठेका विरतो त्या जागी. जॅरेटचा डावा हात थांबतो असं वाटतच नाही. आकृतीतला एकेक सूर गळत जातो आणि कधीतरी लक्षात येतं की लय सुटलीय. माझ्याकडून अजून सरळ ब्रेक लागतो. आधी खर्जाचा सूर सोडायचा की मधला, हे दोन्ही बाजूंनी करून पाहतेय. मधला आधी सोडला तर जरा बरं लागतं. कोणी ही जागा बसवली असेल तर तुमचा क्रम सांगा, म्हणजे पुढच्या ध्वनिमुद्रणात तोही वाजवून बघेन.