ढगांच्या वरची लाल वीज कॅमेऱ्यात: माझा अनुभव

स्प्राइटचा फोटो हवा असेल तर वादळापासून लांब जावं लागतं, चांगलं दोन-तीनशे किलोमीटर. ही लालसर वीज जमिनीपासून साधारण 50 ते 90 किलोमीटर उंचीवर चमकते. वादळाखाली उभं राहिलं की ढगच आड येतात. त्यामुळे आपल्या डोक्यावर निरभ्र, बिनचंद्राचं आकाश आणि क्षितिजाशी भलंमोठं वादळ, असा योग यावा लागतो.

त्यासाठी मी उपग्रहाची इन्फ्रारेड चित्रं आणि विजांचा लाइव्ह नकाशा शेजारी शेजारी उघडून बसायचे. नुसता कडकडाट पुरत नाही. स्प्राइट बहुतेकदा ढगातून जमिनीवर पडणाऱ्या जोरदार धन विजेपाठोपाठ, म्हणजे ढगातला धन विद्युतभार जमिनीवर आणणाऱ्या विजेपाठोपाठ, उमटतो. एवढा मोठा विद्युतभार एकदम निघून गेला की वरच्या विरळ हवेतलं विद्युतक्षेत्र वाढतं आणि तिथे ठिणगी पडते. विस्तीर्ण वादळ उतरणीला लागलं, की त्याच्या संथ पावसाच्या पट्ट्यात अशा विजा पडायला लागतात. बाकीचे लोक वादळ संपलं म्हणून सामान आवरतात, तेव्हा आपलं काम सुरू होतं.

कॅमेऱ्याबाबत माझं मत ठाम आहे: सुरुवातीला व्हिडिओच घ्यावा. स्प्राइट काही मिलिसेकंदांत विझतो, बटण दाबायला वेळच मिळत नाही. 50 मिमीची लेन्स पूर्ण उघडी, आयएसओ 6400, सेकंदाला 25 फ्रेम, शटर 1/25. फोकस मात्र हातानेच, एखादा ठळक तारा स्क्रीनवर मोठा करून, तो अगदी टोकदार टिंब होईपर्यंत. 300 किलोमीटरवरच्या वादळाचे स्प्राइट क्षितिजापासून साधारण 8 ते 15 अंशांत दिसतात. हात लांब करून मूठ धरली की जवळपास 10 अंश होतात, तेवढ्यावर अंदाज येतो. चौकटीत तळाशी ढगांचे माथे आणि वर सगळं रिकामं आकाश ठेवायचं. चौकट अर्धवट वाटते, पण तशीच राहू द्यावी.

भौतिकशास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन यांनी अशा विजेची शक्यता 1920 च्या दशकातच मांडली होती. पहिलं चित्र मिळालं ते 1989 मध्ये, मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांना, तेही मंद प्रकाशातला कॅमेरा तपासताना योगायोगाने. म्हणून मीही कॅमेरा सलग चालू ठेवत गेले.

खरी मेहनत नंतरची. रेकॉर्डिंगमध्ये ढग उजळले की तिथे थांबायचं आणि एकेक फ्रेम पुढे सरकायचं. अशाच एका फ्रेममध्ये ढगांच्या खूप वर गुलाबी-लाल उभे पट्टे दिसले: माथा धूसर, खाली मुळांसारखे बारीक जांभळट धागे. पुढच्या फ्रेमला काहीच नाही. मी कितीतरी वेळ त्याच दोन फ्रेम पुढे-मागे करत होते. सेन्सरचा बिघडलेला पिक्सेल प्रत्येक फ्रेमला त्याच जागी राहतो, विमान सरकत जातं. हे दोन्हीत बसत नव्हतं. नकाशावर त्याच वेळेला, त्याच दिशेला जोरदार धन वीज नोंदलेली होती.

फ्रेममधल्या ताऱ्यांवरून वरच्या टोकाचा कोन मोजला, विजेचं अंतर घेतलं, पृथ्वीची वक्रता धरली. उंची निघाली 85 किलोमीटरच्या आसपास. स्प्राइट विजेच्या अगदी डोक्यावरच असेल असं नसतं, कधी काही दहा किलोमीटर बाजूलाही उमटतो, त्यामुळे हा आकडा ढोबळच. तो पक्का करायचा तर त्याच वादळावर दुसऱ्या जागेवरून रोखलेला कॅमेरा हवा आणि दोन्ही घड्याळं सेकंदापर्यंत जुळलेली हवीत. सध्या तीच जुळवाजुळव चालू आहे.