बाळंतिणीच्या खोलीतला हीटर

झालं असं की जानेवारीत थंडीने जोर धरला होता, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला 5-6 अंशांचा आकडा रोज सकाळी मोबाइलवर फिरायचा, द्राक्षवाले मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवत होते, आणि मला निफाडजवळच्या एका मळ्यातून फोन आला की ऑइल हीटर बंद पडतोय, घरात बाळंतीण आहे, आजच या. माझं रिपेअरिंगचं दुकान नाशिकला, एवढ्या लांब सहसा जात नाही, पण बाळ अकरा दिवसांचं आहे म्हटल्यावर शटर ओढून निघालो.

घरमालक अण्णा म्हणाले, "चालू व्हतो, पंधरा-वीस मिन्टं चालतो आन बंद पडतो. मग थोड्या टायमानं आपोआप चालू." आधी बाजेखाली शेगडी ठेवायचे, डॉक्टरांनी धूर नको सांगितलं म्हणून जावयांनी हा अकरा फिनचा (तेल भरलेल्या पत्र्याच्या उभ्या पात्यांचा), 2500 वॅटचा हीटर पाठवला होता.

अशा तक्रारीत पहिला संशय थर्मोस्टॅटवर जातो. खोली पुरेशी तापली की तो टक आवाज करून करंट तोडतो, गार झाली की परत जोडतो, हा काही बिघाड नाही, त्याचं कामच ते. पण इथे नॉब फुलवर आणि खोली गारठलेली. दुसरा संशय खालच्या टिल्ट स्विचचा, हीटर कलला की तो सप्लाय बंद करतो आणि इथे एक चाक शहाबादी फरशीच्या खाचेत गेलेलं. म्हटलं सापडलं! सपाट जागी घेतला आणि घड्याळ लावून बसलो. तेल तापायला लागलं तसा पत्रा टिकटिक वाजायला लागला, आजी म्हणाल्या तेल उकळतंय का रे, संपलं तर कुठून भरायचं. त्यांना सांगितलं की ते सीलबंद असतं, जळत नाही, संपत नाही, फक्त तापतं.

18व्या मिनिटाला बंद. आणि टक झालंच नाही, लाल लाइटही गेला. म्हणजे हीटरपर्यंत करंटच येत नव्हता.

मग वायर धरून मागे गेलो. 16 अँपियरच्या जाड पिनेला कन्व्हर्टर, तो साध्या 6 अँपियरच्या एक्स्टेंशन बोर्डात, आणि बोर्डाची उरलेली वायर गुंडाळून, रबर लावून बाजेखाली, वर घडी घातलेली गोधडी. गोधडीखाली हात घातला आणि चटकन मागे घेतला. मेन बंद करून आलो तेव्हा बघितलं, वेढे मऊ होऊन एकमेकांना चिकटले होते, कन्व्हर्टरची एक पिन तपकिरी-काळी आणि भोवतीचं प्लास्टिक खचलेलं. 2500 वॅट म्हणजे 230 व्होल्टला जवळजवळ 11 अँपियर, ते त्या बारीक वायरीतून रात्रभर जात होते. तापून सैल झालेला कॉन्टॅक्ट सुटायचा, गार झाला की परत चिकटायचा. बाळ त्या गोधडीच्या फूटभर वर झोपलेलं. माझ्या पोटात गोळाच आला.

त्यात वायर दोनच तारांची, म्हणजे लोखंडी अंगाच्या हीटरला अर्थिंगच नाही.

हीटर उघडलाच नाही, त्यात काही बिघडलं नव्हतं. निफाडच्या बाजारातून 4 स्क्वेअर मिलिमीटरची जाड तांब्याची वायर आणली, मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन ओढली, वेगळा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच), 16 अँपियरचं सॉकेट, घराच्या अर्थिंगला जोडणी, तीही टेस्ट लॅम्प लावून तपासली. हीटर बाजेपासून तीन हात लांब ठेवला, त्यावर लंगोट वाळत घालायचे नाहीत म्हणून बजावलं. व्होल्टेज 195च मिळत होतं, तेवढ्यावर 2500चा हीटर जेमतेम 1800 वॅट उष्णता देतो, म्हणून झोपायच्या तासभर आधी लावा आणि खोली ऊबदार झाली की नॉब कमी करा असं सांगितलं. मग तासभर थांबून प्लगला हात लावून बघितला, कोमटसुद्धा नव्हता.

निघताना आजींनी तो बोर्ड उचलला, "मोबाइल चार्जिंगला तरी चालंल ना बाळा?" मी नाही म्हटलं, त्यांच्यासमोर वायर कापली आणि बोर्ड पिशवीत टाकून घेऊन आलो.